घरी हाताने कपडे धुणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वसतिगृहात किंवा पीजीमध्ये राहणारे विद्यार्थी, नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या वस्त्यांमधली कुटुंबे, भाड्याच्या एका खोलीत नुकताच संसार मांडलेली जोडपी आणि यंत्र असूनही काही कपडे हातानेच धुणारी घरे, अशा सर्वांकडून येणाऱ्या प्रश्नांची ही उत्तरे आहेत. या उत्तरांमागे एक ठाम मत आहे. हाताने धुताना मळ निघण्याचे बरेचसे काम भिजण्याने आणि पिळण्याने होते. घासणे आणि आपटणे हा त्यातला लहानसा भाग असतो, पण कापडाची झीज आणि धुणाऱ्याच्या पाठीचे दुखणे मुख्यतः त्याच भागातून येते.

कपडे कोणत्या क्रमाने धुवावेत?

आधी पांढरे, मग फिके, मग गडद रंगाचे आणि शेवटी पायमोजे, पायपुसणी व फडकी असा क्रम ठेवल्यास एकाच बादलीतले साबणाचे पाणी तीन-चार फेऱ्यांना पुरते. खिसे तपासणे, बाह्या सरळ करणे, ब्लाउजचे हुक लावून घेणे आणि डाग पाहून ते कपडे बाजूला काढणे ही कामे कपडे कोरडे असतानाच उरकावीत, कारण ओल्या ढिगाऱ्यात डाग दिसत नाहीत. अंतर्वस्त्रे आणि रुग्णाचे कपडे मात्र नेहमी वेगळ्या पाण्यात भिजवावेत.

कपडे किती वेळ भिजत घालावेत? रात्रभर भिजवले तर अधिक स्वच्छ होतात का?

रोजच्या वापराच्या सुती आणि टेरिकॉटच्या कपड्यांना अर्धा तास पुरतो, आणि कॉलर, मनगटपट्ट्या किंवा कामाचे कपडे फार मळले असतील तर तासभर. त्याहून अधिक वेळ ठेवल्याने विशेष लाभ होत नाही. कपड्यातून सुटलेला मळ पाण्यातच राहतो, रंग सुटू लागतो आणि उन्हाळ्यात रात्रभर भिजलेल्या धुण्याला सकाळी आंबूस वास येतो. पाणी कोमट असेल, म्हणजे हात सहज बुडवता येईल इतके, तर तेलकट मळ लवकर सैल होतो. अनेक पावडरींमध्ये अन्नाचे व घामाचे डाग तोडणारी विकरे घातलेली असतात. तीही कोमट पाण्यातच उत्तम चालतात आणि उकळत्या पाण्यात निकामी होतात. रेशीम व लोकर मात्र पाच मिनिटांपेक्षा जास्त पाण्यात ठेवू नयेत.

पावडर किती घ्यावी?

दहा लिटर पाण्याला एक ते दीड मोठा चमचा हे प्रमाण बहुतेक पावडरींना लागू पडते, तरी पाकिटावरची सूचना पाहावी. पावडर आधी मगभर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवावी, ते पाणी बादलीत मिसळावे आणि मगच कपडे घालावेत. कपड्यांवर कोरडी पावडर भुरभुरवल्यास गडद रंगांवर पांढरट ठिपके राहतात. फेस जास्त म्हणजे कपडे अधिक स्वच्छ, हा समज खरा नाही. मळ काढण्याचे काम पाण्यात विरघळलेली द्रव्ये करतात, आणि गरजेपेक्षा जास्त झालेला फेस घालवायला मात्र एक-दोन बादल्या पाणी अधिक लागते.

आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. साबणाला फेस येत नाही आणि पांढरे कपडे काळपट दिसतात. काय करावे?

हे जड पाण्याचे लक्षण आहे. अशा पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. तेलापासून केलेला पारंपरिक साबण या क्षारांशी संयोग पावून चिकट, दह्यासारखा साका तयार करतो. मळ काढायला साबण उरत नाही, आणि तो साकाच धाग्यांत अडकून कपडे राखाडी व कडक होतात. परीक्षा घ्यायची असल्यास बाटलीत अर्धे पाणी घेऊन त्यात पारंपरिक साबणाचा थोडा कीस टाकावा आणि बाटली जोराने हलवावी. फेस न येता पाणी फाटल्यासारखे दिसले, तर पाणी जड आहे असे समजावे.

अशा घरांत साबणाच्या वडीऐवजी डिटर्जंटची पावडर किंवा डिटर्जंटची वडी वापरावी, कारण डिटर्जंटचा जड पाण्यात असा साका होत नाही. त्याबरोबर बादलीत मोठा चमचाभर धुण्याचा सोडा आधी विरघळवून ठेवल्यास क्षार खाली बसतात आणि पावडर कमी लागते. खाण्याचा सोडा त्याची जागा घेऊ शकत नाही. धुण्याचा सोडा रेशमी आणि लोकरी कपड्यांना लावू नये. पाणी उकळून निवल्याने जडपणाचा एक भाग जातो, पण धुण्याएवढे पाणी उकळण्यात इंधन फार खर्ची पडते.

भरून ठेवलेल्या पाण्याला सकाळी तांबूस तवंग किंवा गाळ दिसत असेल, तर त्यात लोह आहे. वरचे निवळ पाणी अलगद काढून वापरावे आणि अशा पाण्यात ब्लीच कधीही घालू नये, कारण त्याने लोहाचे पिवळे डाग कापडावर पक्के होतात. पावसाळ्यात नदी-विहिरीचे पाणी गढूळ येते तेव्हा तुरटी फिरवून ते निवळल्यावरच पांढरे कपडे धुवावेत.

कपडे दगडावर आपटणे किंवा धोपाटण्याने चुबकणे योग्य आहे का?

जाड सुती कापडाला हे सोसते, याचे कारण सुती धागा ओला झाल्यावर अधिक मजबूत होतो. धोतर, नऊवारी, पंचे आणि चादरी पिढ्यान्‌पिढ्या दगडावर आपटूनही टिकल्या त्या यामुळेच. आज घरात असलेल्या कपड्यांचे तसे नाही. रेयॉनची ताकद ओले असताना निम्म्याच्या आसपास येते, ताणले जाणारे धागे असलेले कपडे आपटल्याने सैल पडतात आणि बटणे फुटतात ती वेगळीच. कॉलर, मनगटपट्ट्या व पँटच्या खालच्या कडा यांवर वडी लावून मऊ ब्रश एकाच दिशेने फिरवावा. बाकीचा कपडा साबणाच्या पाण्यात वरखाली दाबत राहणे पुरेसे असते, कारण दाबताना पाणी धाग्यांमधून आरपार जाते आणि मळ त्याच्याबरोबर बाहेर येतो.

पाणी फार कमी असेल तर साबण पूर्ण कसा काढावा?

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते. टंचाईचे असे दिवस ज्यांनी पाहिले आहेत त्यांना पाण्याचे मोल सांगण्याची गरज नाही, पण तेच पाणी कसे वाटून वापरावे हे सांगण्याजोगे आहे.

पिळलेल्या धुण्यात एक लिटर साबणाचे पाणी उरले आहे आणि विसळण्यासाठी आपल्याकडे दहा लिटर पाणी आहे, असे समजू. ते दहा लिटर एकदम घेऊन कपडे विसळले आणि पुन्हा तितकेच पिळले, तर आधीच्या साबणाचा अकरावा हिस्सा कपड्यात राहतो. तेच पाणी पाच-पाच लिटर असे दोनदा वापरले आणि मध्ये कपडे नीट पिळले, तर केवळ छत्तिसावा हिस्सा उरतो. पाणी तेवढेच, पण परिणाम तिपटीहून अधिक चांगला. मात्र कपडे अर्धवटच पिळले आणि त्यांत एकाऐवजी दोन लिटर पाणी राहू दिले, तर दोनदा विसळूनही साधारण बारावा हिस्सा उरतो, म्हणजे पाणी वाटून घेण्याचा लाभ जवळजवळ सगळा निघून जातो. म्हणून भिजवल्यानंतर आणि प्रत्येक विसळण्याच्या आधी कपडे पिळावेतच. घाई असेल तेव्हा ही एकच पायरी गाळली जाते आणि नेमकी तीच गाळू नये.

मोठ्या चादरी पिळणे एकट्याला जमत नसेल तर त्या नळाच्या तोटीभोवती किंवा मजबूत दांडीभोवती गुंडाळून पीळ देण्याऐवजी जाळीच्या टोपलीत किंवा न्हाणीघरातल्या स्टुलावर दहा मिनिटे निथळत ठेवाव्यात आणि वरून दाबाव्यात. तोटीवर दिलेल्या पिळाने कापडाइतकीच तोटीही खिळखिळी होते. शेवटचे विसळलेले पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असते. ते पुढच्या फेरीचे कपडे भिजवायला वापरावे.

साबणाचे पाणी झाडांना घालावे का?

घालू नये. डिटर्जंट आणि सोडा यांमुळे माती अल्कधर्मी होते आणि कुंडीतल्या रोपांना ते लवकर बाधते. हे पाणी शौचालयात, अंगण किंवा जिना धुण्यासाठी वापरावे.

आमटीचा पिवळा डाग साबण लावताच लाल झाला. कपडा वाया गेला का?

नाही. हळदीतले कर्क्युमिन हे रंगद्रव्य अल्कधर्मी पदार्थाच्या संपर्कात आले की तांबूस होते, आणि साबण अल्कधर्मी असतो. कुंकू तयार करताना हळदीला चुना लावला की ती लाल होते, तोच हा बदल आहे. कपडा विसळला की डाग पुन्हा पिवळ्याकडे झुकतो. कर्क्युमिन उन्हात टिकत नाही, आणि हा त्याचा सर्वांत उपयोगी गुण आहे. आमटीतले तेल आधी भांड्यांच्या द्रवरूप साबणाने काढावे, कपडा धुवावा आणि डागाची बाजू थेट उन्हाकडे करून वाळत घालावा. एका दिवसात डाग गेला नाही तर ओला करून पुन्हा उन्हात ठेवावा. लग्नातल्या हळदीचे किंवा जेजुरीच्या भंडाऱ्याचे कपडे असतील तर आधी ते कोरडेच भरपूर झटकावेत. डाग गेल्याची खात्री होईपर्यंत इस्त्री करू नये.

इतर डागांचे काय?

रक्ताचा डाग थंड पाण्यातच धुवावा, कारण गरम पाण्याने रक्तातली प्रथिने गोठून धाग्याला धरून बसतात. थंड पाण्यात अर्धा तास भिजवून मग साबण लावावा. तेलातुपाच्या ताज्या डागावर टाल्कम पावडर किंवा कोरडे पीठ पसरून ते तेल शोषून घेईपर्यंत थांबावे, नंतर भांड्यांचा द्रवरूप साबण कोरड्या कापडावरच चोळावा आणि मग पाणी लावावे. चहाचा डाग लगेच पाण्याने विसळला तर बहुधा तिथेच संपतो. बॉलपेनची शाई स्पिरिटने किंवा हातांच्या सॅनिटायझरने सुटते. डागाखाली जुने फडके ठेवून वरून कापसाने टिपत जावे, चोळू नये, नाही तर शाई पसरते.

चिखल ओला असताना त्याच्याशी झटापट करू नये. तो वाळला की ब्रशने झाडावा आणि उरलेला धुवावा. गुलालाचेही तसेच आहे. विसर्जन मिरवणुकीहून आल्यावर कपडे बाहेरच झटकावेत, कारण कोरडी पूड निघून जाते आणि पाणी लागताच तिचा रंग धाग्यात उतरतो. गंजाच्या डागावर लिंबू आणि मीठ लावून कपडा उन्हात ठेवावा, पण रंगीत कापडावर आधी आतल्या शिवणीजवळ प्रयोग करून पाहावा. केळीच्या चिकाचा जुना डाग घरगुती उपायांनी बहुधा जात नाही. त्यामागे लागून कापड फाडण्यापेक्षा तो कपडा बागकामाला ठेवावा, हे बरे.

नव्या कपड्याचा रंग मिठाच्या पाण्यात पक्का होतो का?

कापड रंगवताना रंगाच्या पाण्यात मीठ घालतात, कारण काही रंग धाग्यात शिरण्यास त्याने मदत होते. तयार कपडा घरी मिठात भिजवल्याने मात्र कच्चा रंग पक्का होत नाही. खरा उपाय वेगळे धुण्याचा आहे. ओल्या पांढऱ्या रुमालाने आतली शिवण काही क्षण दाबून पाहावी, आणि रुमालाला रंग लागला तर पहिल्या काही वेळा तो कपडा एकटाच थंड पाण्यात, फार न भिजवता धुवावा आणि उलटा करून सावलीत वाळवावा. बांधणी, कलमकारी आणि नीळरंगी जीन्स या बाबतीत ही काळजी हमखास घ्यावी. दुसऱ्या कपड्याचा रंग लागलाच, तर तो कपडा वाळू देऊ नये. लागलीच पुन्हा डिटर्जंटच्या पाण्यात भिजवल्यास बराचसा रंग निघतो, पण एकदा वाळून इस्त्री झाली की तो सहसा निघत नाही.

नीळ आणि ब्लीच यांत काय फरक आहे?

नीळ कपडा स्वच्छ करत नाही. जुन्या पांढऱ्या कापडाला आलेली पिवळट छटा निळ्या छटेमुळे झाकली जाते आणि डोळ्यांना ते शुभ्र दिसते. म्हणून साबण पूर्ण निघाल्यावर, शेवटच्या पाण्यात, नीळ पूर्ण विरघळवून आणि कपडा उलगडून बुडवावा. घड्या तशाच राहिल्या तर निळे पट्टे उमटतात. ब्लीच रंगद्रव्याचाच नाश करते आणि म्हणून ते केवळ पांढऱ्या सुती कपड्यांसाठी, पाण्यात पातळ करून वापरावे. रेशीम व लोकर ब्लीचमध्ये विरघळू लागतात.

एक सूचना जिवावर बेतू शकणारी असल्याने ठळकपणे द्यावीशी वाटते. ब्लीच आणि शौचालय साफ करण्याचे आम्ल एकत्र येऊ देऊ नये, कारण त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. ब्लीचमध्ये लिंबू, व्हिनेगर किंवा अमोनिया असलेला क्लीनरही मिसळू नये. लहान, खिडकी नसलेल्या मोरीत हा धोका अधिक असतो.

सुती साडीला खळ कशी करावी?

मूठभर साबुदाणा किंवा दोन चमचे मैदा पाण्यात शिजवून पारदर्शक करावा, गाळून घ्यावा आणि अर्ध्या बादली पाण्यात मिसळावा. भाताची पेजही गाळून चालते. साडी धुऊन, पिळून, ओली असतानाच खळीत बुडवावी, हलकेच दाबून काढावी आणि ताणून वाळत घालावी. किंचित दमट असताना इस्त्री केल्यास कडक घडी बसते. खळीचे कपडे पावसाळ्यापूर्वी खळ धुऊन टाकूनच कपाटात ठेवावेत, कारण त्यांना बुरशी लवकर येते आणि कसरही लागते.

रेशमी आणि लोकरी कपडे घरी धुता येतात का?

साधे, पक्क्या रंगाचे रेशीम धुता येते. जरीच्या पैठणीला मात्र घरी पाणी लावू नये. ती वापरल्यावर सावलीत हवेवर टाकावी, मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवावी आणि गरज पडल्यास ड्रायक्लीनिंगला द्यावी. जर काळी पडली किंवा काठ आकसला तर तो पूर्ववत होत नाही.

धुण्यायोग्य रेशमासाठी रिठ्यासारखे सौम्य साधन दुसरे नाही. बिया काढलेले आठ-दहा रिठे लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावेत, सकाळी उकळून गाळावेत आणि ते पाणी अर्ध्या बादलीत मिसळावे. हे पाणी तपकिरी असल्याने शुभ्र पांढऱ्या कपड्यांसाठी घेऊ नये आणि डोळ्यांत उडू देऊ नये, कारण फार चुरचुरते. लोकरीच्या धाग्यांवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी आणि चोळणे यांमुळे ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटतो. म्हणून भिजवण्याचे आणि विसळण्याचे पाणी सारख्याच, थंडसर तापमानाचे ठेवावे. दोन्ही प्रकारचे कपडे पिळू नयेत. टॉवेलात गुंडाळून दाबावेत, आणि स्वेटर दोरीवर न टांगता सपाट पसरावा, कारण ओल्या लोकरीच्या वजनाने तो लांबतो.

सोलापुरी चादर किंवा गोधडी एकट्याने कशी धुवावी?

मोठ्या टबात कोमट साबणाच्या पाण्यात तासभर भिजवावी आणि पाय स्वच्छ धुऊन तुडवावी. हातांपेक्षा पायांनी कमी श्रमात अधिक दाब मिळतो. घसरू नये म्हणून भिंतीचा आधार घ्यावा. गोधडीचे आतले थर वाळायला फार वेळ लागतो, त्यामुळे ती एप्रिल-मे महिन्यांतच धुवावी आणि दोन दोऱ्यांवर विभागून घालावी.

मासिक पाळीची कापडे आणि बाळाची दुपटी धुताना काय पाहावे?

पाळीची कापडे थंड पाण्यात भिजवून, साबण लावून, पाणी नितळ येईपर्यंत विसळावीत आणि उघड्या उन्हात पूर्ण वाळवावीत. अनेक घरांत ती संकोचापोटी दुसऱ्या कपड्यांखाली किंवा अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घातली जातात. दमट राहिलेल्या कापडामुळे त्वचेचा संसर्ग होऊ शकतो, आणि घरातल्या मुलींच्या आरोग्यापेक्षा हा संकोच मोठा मानू नये. दुपटी आणि लंगोट यांतली घाण आधी काढून टाकावी, साबण सौम्य घ्यावा, एकदा अधिक विसळावे आणि अधूनमधून उकळत्या पाण्यात बुडवून काढावे. कपड्यात राहिलेल्या साबणानेही बाळाच्या अंगावर पुरळ उठू शकते.

पावसाळ्यात कपड्यांना कुबट वास येतो. तो कसा टाळावा?

हा वास ओलसर कापडात वाढणाऱ्या जीवाणूंमुळे येतो. कपडे वाळायला जितका वेळ लागतो तितकी त्यांना संधी मिळते. त्यामुळे सुगंधी द्रव्ये ओतण्यापेक्षा वाळण्याचा वेळ कमी करणे हाच उपाय आहे. थोडे थोडे धुणे रोज करावे, पिळल्यावर कपडा कोरड्या टॉवेलात गुंडाळून दाबावा, जोराने झटकावा आणि दोन कपड्यांमध्ये वीतभर अंतर सोडून पंख्याखाली घालावा. पँट उलटी करून खिसे बाहेर काढावेत, कारण तिथेच ओल सर्वांत जास्त टिकते. कोकणात जून ते सप्टेंबर उन्हाची वाट पाहण्यात अर्थ नसतो, तिथे अर्धवट वाळलेल्या कपड्यावर इस्त्री फिरवून मग तो पुन्हा हवेवर टाकावा. वास लागलेला कपडा नुसता पुन्हा वाळवून सुधारत नाही. सुती असेल तर गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून तासभर भिजवावा आणि नव्याने धुवावा.

रोज धुणे केल्याने हात खरखरीत होतात आणि कंबर धरते. त्यावर काय करावे?

धुण्यापूर्वी हातांना खोबरेल तेल चोळावे आणि त्वचेला भेगा असतील तर रबरी हातमोजे घालावेत. अंगठी काढून ठेवावी, कारण तिच्याखाली साबण साचतो आणि तिथली कातडी सोलवटते. खाली वाकून धुण्याऐवजी टब स्टुलावर किंवा ओट्यावर ठेवून उभ्याने धुवावे. बसूनच धुवायचे असल्यास पाटाऐवजी थोडे उंच स्टूल घ्यावे. भरलेली बादली उचलण्याऐवजी मगाने पाणी काढावे. आणि घरातल्या एकाच व्यक्तीने सर्वांचे धुणे करावे असा कोणताही नियम नाही. दहा-बारा वर्षांचे मूल स्वतःचा गणवेश आणि मोजे नीट धुऊ शकते.